पगारवाढीची तारीख आणि कापसाचा भाव

चावडी : वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

(काकू यवतमाळ जिल्ह्यात महसूल खात्यात नोकरी करून आस्थापना शाखेच्या अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्या. सासरची कोरडवाहू शेती आहे, कापूस आणि तुरीची.)

जुलैच्या पगारात बहुतेक कर्मचाऱ्यांची वार्षिक वेतनवाढ लागते. त्याच महिन्यात आमच्याकडे कास्तकार आभाळाकडे बघत असतो, दुबार पेरणी करावी लागते की काय या धास्तीत. एकाच गावात, एकाच गल्लीत या दोन गोष्टी घडतात, म्हणून या वेळच्या टपालात दोन्हीकडचा राग आला आहे. सगळी पत्रं छापता येणार नाहीत. ज्यांत खरा प्रश्न होता ती घेतली.

प्रश्न : काकू, मी दारव्हा तालुक्यातल्या एका साजावर, म्हणजे तलाठ्याकडच्या गावांच्या गटावर, ग्राम महसूल अधिकारी आहे. गावात अजून तलाठीच म्हणतात. २०२३ च्या भरतीतून लागलो. यंदा पहिली वेतनवाढ लागली. एका मित्राने ग्रुपवर अभिनंदन टाकलं, ते फिरत फिरत गावात पोचलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "साहेब, तुमचं बरं हाय बा. पाणी पडो का नोको पडो, पगार तं वाढतेच." सगळे हसले. माझे वडील स्वतः कास्तकार आहेत. तेव्हापासून मी टपरीवर जात नाही. कोणी पगार विचारला तर काय सांगायचं?

उत्तर : बाळा, आकडा सांग. लपवलास की लोक स्वतः आकडा बनवतात, आणि तो नेहमी मोठाच असतो.

तुझा हिशेब मी मांडते. मूळ वेतन २५,५०० होतं, ते २६,३०० झालं. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात एस-८ या स्तरावर तू पहिल्या घरातून दुसऱ्या घरात गेलास. तीन टक्क्यांचे ७६५ होतात, शंभराच्या पटीत धरून ८००. त्यावर २०२५ च्या ५५ टक्क्यांनी महागाई भत्ता ४४०. खेड्याच्या वर्गातला घरभाडे भत्ता १० टक्क्यांनी ८०. झाले १,३२०. त्यातून मूळ आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के एनपीएसला, म्हणजे नव्या पेन्शन योजनेला गेले, ते १२४. हातात पडले बाराशेच्या आत. ही तुझी वर्षभराची वाढ. टपरीवरच्या माणसाच्या मनात ती पाच-दहा हजारांची आहे, याची मला खात्री आहे. मी नोकरीत असताना माझ्या सासरच्या माणसांनाही तसंच वाटायचं, आणि ते तर घरातले होते.

असं वाटण्याला कारण आहे. वार्षिक वेतनवाढ, महागाई भत्ता आणि वेतन आयोग या तीन गोष्टी वेगळ्या आहेत, पण पेपरात तिन्हींची बातमी सारख्याच मथळ्याने येते. वेतनवाढ वर्षातून एकदा, तीन टक्के. महागाई भत्ता बाजारभावाच्या निर्देशांकावर चालतो, किराणा महागला की मागून तो वाढतो. केंद्राचा साधारण वर्षात दोनदा जाहीर होतो आणि राज्य नंतर लागू करतं. वेतन आयोग दहा वर्षांनी येतो : १९८६, १९९६, २००६, २०१६. आता आठव्याची घोषणा केंद्राने जानेवारी २०२५ मध्ये केली, न्यायमूर्ती रंजना देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत. गावातल्या माणसाने वर्षभरात "कर्मचाऱ्यांची चांदी" असा मथळा चार वेळा वाचला, तर त्याला चार वेळा पगार वाढला असंच वाटणार. त्यात त्याचं काही चुकत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. तीन टक्के सगळ्यांना सारखे असले तरी रुपये सारखे नसतात. तुझे ८०० वाढले तेव्हा ५६,१०० मूळ वेतनाच्या उपजिल्हाधिकाऱ्याचे ५७,८०० झाले, म्हणजे १,७०० वाढले. लोक बोलतात मोठ्या साहेबाच्या पगाराबद्दल आणि ऐकून घेतो तू, कारण साहेब टपरीवर येत नाही.

पण एक सांगते, ते नीट ऐक. कास्तकारापुढे "माझंही भागत नाही" असं कधी म्हणू नकोस. ते खोटं नसेलही. घराचा हप्ता, बहिणीचं लग्न, वडिलांचं कर्ज तुझ्या मागे असेल. तरी ज्याला पुढच्या महिन्यात किती पैसे येतील हे ठाऊक नाही त्याच्यापुढे, एक तारखेला खात्यात पैसे येणाऱ्याने भागत नाही म्हणणं त्याच्या जिवाला लागतं. माझ्या कचेरीत हे वाक्य मी रोज ऐकलं आहे, आणि ते ऐकून काउंटरपलीकडे उभ्या माणसाचा चेहरा कसा व्हायचा तेही बघितलं आहे. "बाराशे वाढले, मला मिळाले याचा आनंद आहे" असं सरळ सांग.

तुझ्या त्या भरतीच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले होते. खुल्या प्रवर्गाला हजार रुपये फी होती. टपरीवर हसणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरातल्या पोट्ट्याने तो फॉर्म भरला असणार, आणि वावरातली तूर विकून फी भरली असणार. त्याचा मुलगा राहिला, तू लागलास. त्याचं बोलणं मला त्या जागेवरून आलेलं वाटतं. म्हणून टपरीवर जाणं सोडू नकोस. तुझ्या साजातला माणूस तुला कचेरीबाहेर भेटला पाहिजे. ई-पीक पाहणी कशी नोंदवायची, फार्मर आयडीत नाव का जुळत नाही, हे तिथेच चहा पिताना सांगता येतं. ते काम तुझ्याशिवाय तिथे कोण करणार आहे?

प्रश्न : बाई, मी आर्णी तालुक्यातला कास्तकार. सहा एकर वावर. माझा प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ द्या. माझ्या कापसाचा भाव दरवर्षी वाढायची कुठं तारीख नाही. तुमच्या लोकांची तारीख ठरलेली. काम केलं तरी वाढ, नाही केलं तरी वाढ. बाप गेल्यानंतर वारस नोंदीसाठी मी किती चकरा मारल्या ते माझं मला ठाऊक. ज्यानं चकरा मारायला लावल्या, त्याचाही पगार त्या जुलैत वाढला असंलच ना?

उत्तर : भाऊ, वाढला असणार. सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. वार्षिक वेतनवाढ कामाच्या मोजमापावर मिळत नाही. सेवेचं वर्ष भरलं की ती लागते. ती थांबते मुख्यतः दोन वेळा. एक, विभागीय परीक्षा किंवा संगणकाची परीक्षा ठरल्या मुदतीत पास झाली नाही तर. एमएस-सीआयटी नाही म्हणून कित्येकांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या, दिलेल्या वसूलही झाल्या. ती पत्रं मी स्वतः टाइप केली आहेत. दुसरं, शिस्तभंगाची कारवाई होऊन शिक्षा म्हणून. १९७९ च्या शिस्त व अपील नियमांत वेतनवाढ रोखणं ही किरकोळ शिक्षांमध्ये मोडते. तिच्यासाठी नोटीस, खुलासा, आदेश एवढं सगळं व्हावं लागतं, आणि ते करणारा साहेब बहुधा बदलून जातो. तुमच्या चकरांसाठी कोणाची वेतनवाढ रोखलेली मी माझ्या नोकरीत क्वचितच बघितली. हे मला चांगलं वाटत नाही आणि कधी वाटलं नाही.

आता तुमच्या कापसाकडे येते. तुम्ही म्हणता भाव वाढायची तारीख नाही. मी एकदा घरी बसून दोन्हीचा हिशेब केला, तो तुमच्यापुढे ठेवते.

१ जानेवारी २०१६ ला सातवा आयोग लागू धरला. राज्यात प्रत्यक्ष पैसे हातात आले २०१९ मध्ये, आणि मागची थकबाकी पाच हप्त्यांत पाडली, पण हिशेब २०१६ पासूनचा. त्या दिवशी २५,५०० मूळ वेतन असलेल्या तलाठ्याला २०२५ च्या जुलैपर्यंत दहा वेतनवाढी मिळाल्या. मूळ झालं ३४,३००. त्यावर ५५ टक्के महागाई भत्ता धरला की ५३,१६५. म्हणजे दहा वर्षांत दुपटीच्या थोडं वर.

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१५-१६ च्या हंगामात ४,१०० रुपये क्विंटल होता. २०२५-२६ चा ८,११० आहे. तोही जवळपास दुप्पट.

हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर मी बराच वेळ कागदाकडे बघत बसले. कागदावर तलाठी आणि कास्तकार एकाच वेगाने पुढे गेले आहेत. मग आमच्या घरात, माझा पगार आणि दिरांचा कापूस एकाच आढ्याखाली असताना, दहा वर्षांत माझ्या पगारातून वरची खोली बांधली गेली आणि कापसातून सोसायटीचं कर्ज नवं-जुनं होत राहिलं, ते का?

कारण पगाराला बाराने गुणायचं हे आधीच ठरलेलं असतं. कापसाला किती क्विंटलने गुणायचं ते पाऊस ठरवतो. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने बोंडच्या बोंड पोखरली तेव्हा आमच्या वावरात पहिल्या वेचणीनंतर उपटण्यापलीकडे काही उरलं नाही. हमीभाव होता, पण विकायला कापूस नव्हता. आणि कापूस असतो तेव्हा तो हमीभावाने जातोच असं नाही. सरकारी खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. रांगेत दिवस जातो, गाडीभाडं अंगावर बसतं, म्हणून गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला कमी भावात देऊन माणूस मोकळा होतो. सोयाबीनचं त्याहून वाईट : २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ होता आणि बाजार समितीत बहुतेक दिवस त्याच्या बऱ्याच खाली सौदे होत होते. त्यात वेचणीची मजुरी, खत, फवारणी, सगळं वाढलेलं. मजुरी वाढलीच पाहिजे, वेचणाऱ्या बायांच्या बोटांना मी बघितलं आहे. पण तो पैसा कास्तकाराच्या त्याच आठ हजारांतून जातो. पगारवाल्याच्या महागाईवर भत्ता मिळतो, तुमच्या महागाईवर नाही. मला तुमचा राग इथे रास्त वाटतो.

म्हणून माझं मागणं आहे की तारीख तुम्हालाही मिळावी. हमीभाव जाहीर होतो तसा तो मिळण्याचीही खात्री हवी, आणि खरेदी केंद्र दिवाळीआधी उघडलं पाहिजे. कर्मचाऱ्याची वेतनवाढ बंद झाली तर तुमच्या क्विंटलला एक रुपयाही वाढत नाही. माझ्या दिरांनाही मी हेच सांगत आले आणि जेवणाच्या पानावर आमचं यावरून भांडण व्हायचं. ते म्हणायचे, तुमचे मोर्चे निघतात, संघटना आहेत, आमचं कोण हाय? त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

काहींचं म्हणणं असतं की वेतनवाढ साहेबाच्या शेऱ्यावर द्यावी. सातव्या केंद्रीय आयोगाने अशी शिफारस केलीही होती, की पहिल्या वीस वर्षांत कामगिरीचा ठरलेला निकष न गाठणाऱ्याची वार्षिक वाढ थांबवावी. मी याच्या विरोधात आहे, आणि त्याचं कारण मी आतून बघितलं आहे. गोपनीय अहवालाचा शेरा ज्याच्या हातात, कर्मचारी त्याच्यासाठी राबतो. साहेबाचा दौरा, साहेबाची बैठक, साहेबाचं रात्री दहाला मागितलेलं पत्रक, हे सगळं वेळेवर होतं. काउंटरवरच्या म्हाताऱ्याच्या अर्जाला शेरा देणारं कोणी नसतं. वाढ जोडायचीच असेल तर त्या अर्जाला जोडा. कायदे आहेत. २००५ च्या बदल्या आणि विलंबाच्या कायद्यात लिहिलेलं आहे की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त पडून राहू नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित सेवेला मुदत आहे, आणि कारण नसताना उशीर केला तर पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड. एखाद्याच्या टेबलावर वर्षभरात किती अर्ज मुदतीबाहेर गेले हे आता संगणकात दिसतं. त्यावरून वेतनवाढ रोखली तर मी पहिली टाळी वाजवीन.

तुमच्या वारस नोंदीचं सांगते. तुमची झाली असेल, पण गावातल्या दुसऱ्याची व्हायची असेल. अर्ज तोंडी कधी करू नका. कचेरीत आवक बारनिशीला, म्हणजे आलेल्या अर्जांच्या नोंदवहीत, नोंद करून पोच घ्या, नाहीतर ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन टाका आणि क्रमांक जपून ठेवा. ज्या सेवांची मुदत ठरलेली आहे त्यांचा फलक कचेरीत लावणं बंधनकारक आहे. तो वाचा, नसेल तर कुठे आहे ते विचारा. मुदत उलटली की तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करा, त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. पैसे मागितले तर लाचलुचपत खात्याचा १०६४ हा नंबर आहे. मी आस्थापनेला असताना माझ्या अनुभवात पोच असलेल्या अर्जाकडे बघण्याची नजरच वेगळी असायची. पोच नसलेला अर्ज गठ्ठ्याच्या तळाला जाई.

प्रश्न : काकू, मी पुसद तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी संपात उतरले होते. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारा पडल्या, पंचनामे अडले. गावात अजूनही लोक मला तो संप ऐकवतात. मी तर पंचनामा करत नाही! शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांना एका दावणीला का बांधतात?

उत्तर : बाई, कारण तुम्ही सगळे एकत्र संपावर गेला होतात. १४ ते २० मार्च, सात दिवस, "एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत. त्यात काही वाईट नव्हतं. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांच्या पगारातून दहा टक्के कापून बाजारात गुंतवायचे आणि म्हातारपणी किती मिळेल ते बाजार सांगेल, ही भीती खरी होती. आमच्या कचेरीतला एक शिपाई सेवेत असताना गेला, तेव्हा त्याच्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार की नाही यासाठी कागद कसे फिरले ते मी विसरले नाही. संपानंतर समिती नेमली गेली, आणि पुढे २०२४ मध्ये शेवटच्या काळातल्या मूळ वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनाची हमी देणारा पर्याय राज्याने मान्य केला. संपाशिवाय हे झालं असतं असं मला वाटत नाही.

पण गारा पडल्या त्या दिवशी संघटनांनी पंचनाम्यापुरती माणसं कामावर पाठवायला हवी होती. हे मी तेव्हाही बोलले आणि आजही बोलते. हरभरा आणि गहू काढणीला आलेला असतो, भिजलेलं पीक वावरात फार दिवस ठेवता येत नाही, आणि पंचनाम्याला तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक तिघं लागतात. मदत तरी किती होती? कोरडवाहूला २०२३ च्या त्या वेळी हेक्टरी ८,५०० रुपये. तेवढ्यासाठी माणूस भिजलेलं पीक तसंच राखत वाट बघतो. दवाखान्यातली आपत्कालीन सेवा संपात चालू ठेवतात, मग खेड्यात पंचनामा आपत्कालीन नाही का? कर्मचाऱ्यांबद्दल गावाचं मत त्या एका आठवड्यात जेवढं बिघडलं तेवढं दहा वर्षांच्या वेतनवाढींनी बिघडलं नसेल.

तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलं आहे की तुम्ही पुसदहून जाणं-येणं करता. म्हणून हेही लिहिते. मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडून घरभाडे भत्ता घ्यायचा आणि साडेपाचची एसटी पकडून शहरात जायचं, हे गाव रोज बघतं. गावात धड घर मिळत नाही, मुलांची शाळा शहरात आहे, नवऱ्याची नोकरी दुसरीकडे आहे, ही कारणं मला पटतात. मीसुद्धा घर सांभाळून नोकरी केली आहे. पण मग भत्ता गावात राहण्याच्या अटीवर घेऊ नये. संघटनेने ती अटच बदलून मागावी. खोट्या ठरावावर सरपंचाची सही घेताना तुमची मान खाली जाते, आणि त्या सरपंचाला पुढे तुम्हाला काहीही ऐकवायचा अधिकार मिळतो. जुन्या पेन्शनइतकंच हे मागणं नेटाने मांडायला हवं होतं, असं माझं मत आहे.

प्रश्न : मी पंचायत समितीत कंत्राटी डाटा एन्ट्री ऑपरेटर आहे. एजन्सीकडून पगार. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या लिपिकाला जुलैत वेतनवाढ लागली, त्याने पेढे दिले. त्याच्या निम्म्याहून जास्त काम मी करतो. मला कित्येक वर्षांत वाढ नाही. आणि गावात मला लोक म्हणतात, "तू तं सरकारी हायेस, तुले काय कमी!" काय करू?

उत्तर : बाळा, या टपालातलं तुझं पत्र मला सगळ्यात जास्त टोचलं. कास्तकाराच्या नजरेत तू सरकारी आणि सरकारच्या नजरेत तू एजन्सीचा. शिव्या पूर्ण मिळतात, पगार अर्धा.

लिपिकाची वेतनश्रेणी एस-६, सुरुवात १९,९०० वर, अधिक महागाई भत्ता. तुझ्या हातात येणारा आकडा तू लिहिला आहेस, तो मी छापत नाही, तुला त्रास होईल. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने नऊ एजन्सींमार्फत मोठ्या प्रमाणावर कंत्राटी भरतीचा आदेश काढला होता. पोरं रस्त्यावर आली आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. पण आधीपासून कंत्राटावर असलेले तुझ्यासारखे आहेत तिथेच राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात म्हटलं आहे की नियमित कर्मचाऱ्यासारखंच काम करणाऱ्या अस्थायी कर्मचाऱ्याला त्या पदाच्या वेतनश्रेणीतलं किमान वेतन मिळायला हवं. मधे एजन्सी असली की प्रकरण गुंतागुंतीचं होतं, म्हणून वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. पण कागद आजपासून जमव : नेमणुकीचं पत्र, दर महिन्याची वेतनचिठ्ठी, तुझ्या नावाने आलेले कामाचे आदेश, हजेरीच्या प्रती. ईपीएफच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या, पासबुकात एजन्सी खरंच पैसे भरते का ते मोबाइलवर तपास. आपल्याकडे बऱ्याच पोरांच्या पगारातून कापलेली रक्कम खात्यात दिसत नाही आणि ते वर्षानुवर्षं बघतही नाहीत.

नियमित कर्मचाऱ्यांच्या संघटनांना मी या पानावरून विचारते : तुमच्या मागण्यांच्या यादीत या मुलांचं नाव कितव्या क्रमांकावर आहे? पेढे वाटताना शेजारच्या टेबलावर कोण बसलं आहे ते बघत चला. लोकांनी आपल्याला आदराने बघावं असं वाटत असेल, तर एकाच खोलीत एकाच कामाचे दोन भाव मुकाट्याने चालवून घेणं थांबवावं लागेल. मी नोकरीत असताना ही मुलं नुकती यायला लागली होती. आमच्यातल्या अनेकांना बरंच वाटलं, टायपिंगचं काम गेलं म्हणून. आज कचेरीतली निम्मी कामं त्यांच्या बोटांवर चालतात.

प्रश्न : माझे वडील ३० जूनला निवृत्त झाले. वर्षभर काम केलं, पण वेतनवाढ १ जुलैची, म्हणून मिळाली नाही असं कचेरीने सांगितलं. एका दिवसाने नुकसान झालं. काही करता येईल का?

उत्तर : येईल. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये कर्नाटकातल्या वीज कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात निर्णय दिला, की वेतनवाढ ही मागच्या वर्षाच्या सेवेबद्दल असते. ती कमावल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस सेवेत नाही एवढ्यावरून नाकारता येत नाही. राज्याच्या वित्त विभागानेही त्याच वर्षी ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांसाठी निवृत्तिवेतनापुरती काल्पनिक वेतनवाढ धरण्याचा निर्णय काढला. म्हणजे जुलैचा वाढीव पगार मिळणार नाही, पण निवृत्तिवेतन वाढीव मूळ वेतनावर बसेल आणि ते आयुष्यभर मिळेल.

वडिलांच्या नावाने शेवटच्या कार्यालयाच्या प्रमुखाकडे अर्ज द्या. आधीच्या १ जुलैपासून ३० जूनपर्यंत अखंड सेवा झाली हे सेवापुस्तकातल्या नोंदीसह दाखवा, विनावेतन रजा असेल तर तिचा हिशेब जोडा. सुधारित प्रस्ताव नागपूरच्या महालेखापाल कार्यालयाकडे जायला हवा. जिल्हा परिषदेचे असतील तर जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून. अर्जाची पोच घ्या. आणि वडिलांना एकट्याने पाठवू नका, कोणीतरी सोबत जा.